आखडलेली दोरी

खरात सर बॉलकडे बघत नसत. तीस-बत्तीस वर्षं मुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवलेला हा माणूस सामना सुरू झाला की लोखंडी खुर्ची उचलायचा आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. तिथून बॅट घेतलेली मुलगी बोटाएवढी दिसते. समोर दिसतात त्या आउटफिल्डमधल्या तीन मुलींच्या पाठी. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उभे राहणारे असतात, तशाच या. त्यांच्याकडे बॉल येतो कमी, आणि आला तर मात्र सगळा सामना त्यांच्यावर येऊन पडतो.

इतक्या लांब का बसता, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बॉल तर समद्यांलाच दिसतो मॅडम. ज्या पोरीकडं बॉल न्हाई ती काय करून राह्यली, ते कुणी बघत न्हाई. ते मी बघतो."

सरांना जाऊन पाच महिने झाले. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी त्यांच्यावर एक पान मीच लिहून दिलं. जन्म, शिक्षण, नोकरीत कधी लागले, विद्यापीठाच्या संघात किती मुली पोहोचवल्या, निवृत्त कधी झाले. पान छापून आलं. त्यातलं एक अक्षर खोटं नाही, पण सर त्यात कुठेच नाहीत. म्हणून हे वेगळं, सावकाश लिहायला बसले आहे.

परतूरच्या आमच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. मैदानाशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक महिला व्यवस्थापक लागते, असा विद्यापीठाचा नियम. बाकीच्या प्राध्यापक बायकांची मुलं लहान होती, कुणाच्या परीक्षा होत्या. ग्रंथालय दोन दिवस बंद राहिलं तर कुणाचं अडत नाही, असं प्राचार्यांच्या लक्षात आलं आणि कागदावर माझं नाव गेलं. पहिल्या दौऱ्याला, जालन्याला, मी पिशवीत एक जाड कादंबरी घेऊन गेले. सरांनी माझ्यासाठी तिथल्याही एका कडुनिंबाखाली दुसरी खुर्ची ठेवली होती. पुस्तक बघून ते म्हणाले, वाचा, वाचा, फक्त पान उलटताना एकदा वर बघत जा. सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, काय दिसलं? मी बिचकत सांगितलं की डावीकडची मुलगी सारखी बुटाची नाडी बांधत होती. सरांनी खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. संध्याकाळी तिला बोलावून विचारलं तेव्हा कळलं, की बूट मोठ्या बहिणीचे होते, दोन बोटं मोठे. पुढच्या आठवड्यात तिला तिच्या मापाचे बूट मिळाले. कुठून आले, ते तिला कळलं नाही, मला कळलं.

तेव्हापासून मी दरवर्षी जात राहिले. कादंबऱ्या मात्र फार वाचून झाल्या नाहीत.

सर उंच, सडपातळ, थोडे पुढे वाकलेले. पांढरा बुशशर्ट नेहमी बाहेर काढलेला. रविवारी सकाळी विहारात जायचे आणि तिथून घरी न जाता थेट मैदानावर यायचे, त्यामुळे रविवारी शर्टाला इस्त्री असायची. चालताना पावलं मोजायची त्यांना सवय होती. मनातल्या मनात मोजत, ओठ थोडे हलायचे. स्टेशनपासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत किती, जिनिंग मिलच्या भिंतीपासून मैदानापर्यंत किती, सगळं पाठ. ग्रंथालयाच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत त्यांची एकोणीस पावलं होती. एकदा आत आले, टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "आज अठरातच आलो. टेबल सरकवलं का?" झाडून घेण्यासाठी आदल्या दिवशी ते खरंच पुढे ओढलेलं होतं.

ग्रंथालयाचं संगणकीकरण झालं तेव्हा जुनी तालिका-कार्डं टाकून द्यायची वेळ आली. सरांनी ती मागून नेली. कार्डाची मागची बाजू कोरी. एका मुलीला एक कार्ड. पुढे इतिहासाच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या पुस्तकाचं नाव, मागे सरांच्या बारीक अक्षरात: 'उंच बॉल आला की आधी मागे जाते. बरोबर.' किंवा, 'चूक झाली की पिचरकडे बघते. घाबरते. रागवू नये.' कौतुक म्हणून 'बरोबर' याच्या पुढचा शब्द मी त्या कार्डांवर पाहिला नाही.

स्टाफरूममध्ये ते मोसंबी घेऊन यायचे. जालन्याकडच्या माणसाच्या पिशवीत मोसंबी असणं यात विशेष काही नाही, पण सर ते आधी हातात फिरवायचे, बॉलपेनाने त्यावर बेसबॉलची शिवण काढायचे आणि समोर जो सापडेल त्याला दोन बोटं शिवणीवर कशी ठेवायची ते दाखवायचे. भौतिकशास्त्राचे जोशी सर गंभीरपणे ते शिकले होते. ज्या मुलींना घरी न्यायला बॉल मिळत नसे त्यांना सर मोसंबी द्यायचे, एसटीत बसल्या बसल्या पकड घोटा म्हणायचे. वर म्हणायचे, घोटून झालं की खाता येतं, बॉलचं तसं न्हाई.

सरांच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना पुण्याहून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. परदेशात मुलींची एक नवी व्यावसायिक बेसबॉल लीग निघत होती, आणि तिच्या भारतातल्या कामाला ही मुलगी लागली होती. लीगमध्ये खेळाडू ड्राफ्टने घेणार होते. म्हणजे आधी निवडक मुलींची एक यादी करायची, मग एका ठरलेल्या दिवशी संघांनी पाळीपाळीने त्या यादीतून एकेक नाव उचलायचं. ज्यांची नावं उचलली जातील त्या जाणार, बाकीच्या घरी. यादीत येण्यासाठी प्रत्येक भागातल्या जाणत्या माणसाने मुली पाहायच्या आणि लेखी कळवायचं. मराठवाड्यासाठी तिने सरांचं नाव सुचवलं होतं. या कामाला स्काउटिंग म्हणतात. आमच्या प्राचार्यांनी ते वार्षिक अहवालात स्काउट-गाइडच्या मथळ्याखाली घातलं. मी दुरुस्त करते म्हटल्यावर सर म्हणाले, असू द्या, तिथंबी कुणी वाचत न्हाई.

त्या वर्षी सरांच्या डोळ्यांसमोर एकच मुलगी होती. सोनाली. शहागडजवळच्या एका वस्तीवरची, धनगराच्या घरची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, परतूरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. संघात ती सेंटर फील्डला, म्हणजे आउटफिल्डच्या बरोबर मध्ये. सरांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते ज्या सामन्यात, त्यात तिच्याकडे एकदाही बॉल आला नाही. शेवटपर्यंत एकदाही नाही. पण बॉल डावीकडे गेला की ही डावीकडच्या मुलीच्या मागे पळत जायची, तिच्या हातून सुटला तर असावं म्हणून. उजवीकडे गेला की उजवीकडे. पळून परत जागेवर. टाळ्या बॉल पकडणाऱ्या मुलींना मिळत होत्या. त्या दिवशीचं कार्ड मला पाठ आहे: 'बॉल आला नाही. एकवीस वेळा गेली. बरोबर.'

तिची फेकही लांबची होती. लोक म्हणायचे धनगराची पोर, गोफणीचा हात आहे. सरांना हे आवडायचं नाही. ते म्हणायचे, गोफण तिच्या भावानं फिरवली, हिनं नदीवरून पाणी वाहिलं, खांदा त्यानं झाला.

तिच्या घरी सर गेले तेव्हा मीही बरोबर होते. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, यांनी आता मेंढरं कमी करून कापूस लावायला सुरुवात केली होती. अंगणात बाज टाकली, चहा झाला. आबांनी फार विचारलं नाही. या खेळाचं सर्टिफिकेट पोलीस भरतीत चालतं, खेळाडूंच्या कोट्यात, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि तेवढ्यासाठी त्यांनी मुलीला खेळू दिलं होतं. आता भरतीचा फॉर्म सुटणार होता, आणि भरतीची मैदानी चाचणी नि यादीतल्या मुलींसाठीचं लीगचं शिबिर एकाच सुमाराला येणार होतं. दोन्हीकडे जाता येणार नव्हतं. त्यांचा मेहुणा त्यांना सांगून गेला होता की हे परदेशाचं वगैरे सगळं फसवाफसवीचं असतं.

आबा म्हणाले, "सर, इमानदारीनं सांगा. व्हईल का हिचं?"

"व्हईल का ते मला सांगता येत न्हाई," सर म्हणाले. "ती जशी हाय तशी लिहून धाडीन. इतकंच माझ्या हाती हाय."

आबांनी मुलीकडे पाहिलं. ती दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. "मंग लिहा," ते म्हणाले.

अहवालात आकडे लागत. होम प्लेटपासून, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागेपासून, पहिल्या बेसपर्यंत नव्वद फूट. ते अंतर किती सेकंदांत पळते. फेक किती लांब जाते. त्यासाठी एक सकाळ ठरली. आजूबाजूच्या तीन महाविद्यालयांतून आठ मुली आल्या. महाविद्यालयाची मोजपट्टी वसतिगृहाचं बांधकाम करणाऱ्यांनी नेली होती ती परत आलीच नाही. पण सरांना तिची गरज वाटत नसे. त्यांच्याकडे एक सुती दोरी होती, दोनेक वर्षांपूर्वी खास वळून घेतलेली, नव्वद फुटांवर लाल चिंधीची गाठ मारलेली. पत्र्याच्या पेटीत कोरडी ठेवलेली असायची. माती आणि फक्की लागून ती काळी-करडी झाली होती. आमचे मैदानाचे शिपाई रहीममामा दरवेळी तिच्यावरूनच फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारत.

एरवी रेषा मारून झाल्या की सर सवयीने त्यांवरून चालत जायचे. होम ते पहिला बेस, छत्तीस पावलं. त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता. ते खुर्चीवरून उठले नाहीत.

मुली पळाल्या. सरांनी घड्याळ दाबलं, मी मोबाइलवर चित्रण केलं आणि आकडे लिहून घेतले. सोनाली चार पॉइंट साठ सेकंदांत पहिल्या बेसवर पोहोचली. सरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मग म्हणाले, पोरी आज उडून राह्यल्या. थंडीची सकाळ होती, समोर कॅमेरा होता. आम्हाला ते पुरेसं कारण वाटलं.

अहवाल मी टाइप केला आणि पाठवला. पंधरा दिवसांनी यादी आली. आठांपैकी एकीचंच नाव होतं. महाविद्यालयाच्या फाटकावर सोनालीच्या फोटोचा फ्लेक्स लागला, खाली प्राचार्यांचा आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा. पोलीस भरतीच्या फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात संपली. सोनालीने तो भरला नाही.

नंतर एका संध्याकाळी मी आणि सर मैदानातून फाटकाकडे निघालो होतो. गुडघा आता बरा होता. फक्कीची ती रेषा पुसट झाली होती, पण दिसत होती. सर बोलत बोलत तिच्यावरून चालायला लागले आणि पहिल्या बेसच्या खुणेशी येऊन थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. ते मागे वळले, होम प्लेटपाशी गेले आणि परत चालत आले. मग तिसऱ्यांदा.

"चौतीस," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं पाऊल लहान व्हतं. लांब न्हाई व्हत."

त्यांनी रहीममामांना दोरी आणायला सांगितलं. मामांनी पेटीतून दोरी आणली आणि मलासुद्धा कळलं. दोरी पांढरीशुभ्र होती.

"धुतली का मामा?"

"हौ सर," मामा खुशीत म्हणाले. "मेहमानां आनेवाले थे ना. इतनी मैली दिस रई थी. सोडा डालके रातभर भिगोया, सुबू कुंपनपे सुखाया."

सरांनी दोरीवरून हात फिरवला. "चांगली निघाली," म्हणाले, आणि मामांना घरी जायला सांगितलं.

सुती दोरी पहिल्यांदा पाण्यात पडली की आखडते. शेतकऱ्याच्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी सरांनी भूमापन कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाकडून फीत आणली आणि आम्ही मोजलं. नव्वदच्या जागी साडेचौऱ्याऐंशी फूट. सोनाली साडेपाच फूट कमी पळाली होती. आठही जणी.

सर रेषेवर बसूनच राहिले. मग म्हणाले, "आठच्या आठ पोरी एकाच दिवशी जलद पळाल्या, तेव्हाच कळायला पाहिजे व्हतं. थोडं कळलंबी व्हतं. पण मला ते ऐकायचं नव्हतं."

प्राचार्यांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि समजावलं. कुणी मुद्दाम केलं नाही. तिथे गेल्यावर मुलगी सराव करेल, पळेल तेवढी. फ्लेक्स लागलेला आहे. जोशी सरही म्हणाले, की मोजण्यात थोडी चूक विज्ञानातही धरलेलीच असते. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. रहीममामांना दोन दिवसांनी कुठूनतरी कळलं आणि ते रडत आले, तेव्हा सर त्यांना एवढंच म्हणाले, की तुम्ही पाहुण्यांसाठी केलं, मोजायचं काम माझं होतं.

पुण्याला कळवण्याआधी ते सोनालीशी बोलले. त्यासाठी ग्रंथालयात आले, कारण दुपारी वाचनकक्षात कुणी नसतं. मी उठून जायला लागले तर त्यांनी हाताने बसा म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मी भरतीचा फॉर्म भरला न्हाई."

"माहीत हाय."

"मंग नका ना कळवू. मी पळीन तितकं. दोन महिन्यांत पळीन."

"पळशील. आज न्हाई पळत."

"दुसरीकडं काय टेप लावून मोजलं असंल का? समद्यांचं असंच असतं."

"असंल."

तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्ही तुमच्या नावासाठी करून राह्यले हे."

मला वाटलं, सर दुखावले. पण ते खरोखरच विचार करत होते. "थोडं तसंबी असंल," ते म्हणाले. "पण तिथं पहिल्याच दिवशी ते मोजतील. मंग माझं न्हाई, तुझं खोटं पडंल. तू काहीबी खोटं केलेलं नसताना."

तिने पिशवी उचलली आणि गेली. सर वाचनकक्षात बसून राहिले. मी वर्तमानपत्रं लावत होते, ती पुन्हा पुन्हा लावली.

मेल त्यांनी सांगितली आणि मी लिहिली. मी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. तो काढा म्हणाले. 'दोरी धुतल्यामुळे आखडली होती. मी मोजून पाहिली नाही. आठही मुलींचे आकडे चुकीचे आहेत. मुलींचा दोष नाही.' एवढंच. मग त्यांनी त्या एकवीस वेळा पळालेल्या सामन्याचा एक परिच्छेद सांगितला, मी लिहिला, आणि तोही काढायला लावला. "ते आधीच्या कागदात हाय. आत्ता जोडलं तर वशिला दिसंल."

दोन ओळींचं उत्तर आलं. आठही आकडे रद्द, ड्राफ्टआधी पुन्हा चाचणी घेणं शक्य नाही, कळवल्याबद्दल आभार. यादीतून सोनालीचं नाव गेलं. फ्लेक्स सरांनी आणि रहीममामांनी मिळून उतरवला, फोटो आत राहील अशी घडी घातली. परीक्षा संपताच सोनाली घरी गेली. सरांना भेटली नाही.

मे महिन्यात आबा बाजाराच्या दिवशी परतूरला आले आणि सरांना विचारत ग्रंथालयात पोहोचले. मी घाबरले होते. आबा समोरच्या बाकावर बसले, पटका मांडीवर ठेवला आणि विचारलं, चूकबी तुम्हीच केली अन् सांगितलीबी तुम्हीच का? सर हो म्हणाले. आबांनी पुस्तकांच्या कपाटांकडे पाहिलं. मग म्हणाले, पोरगी घरात कुणाशी बोलत न्हाई, मी काय करू? सर म्हणाले, काही नका करू. मी रोज पाचला मैदानावर असतो, इतकं तिच्या कानावर घाला.

त्यानंतर सर निवृत्त झाले. निरोपाचा नारळ आणि शाल घेतली आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता मैदानावर हजर. नव्या पोलादी मोजपट्टीने रेषा आखलेल्या, हातात घड्याळ. कुणी येवो न येवो, सहापर्यंत थांबायचे. शाळेतल्या दोन-तीन मुली यायच्या, त्यांना पळवायचे. जून गेला, जुलै गेला. मी कधी ग्रंथालय बंद करून तिकडे जायचे. सोनालीचं नाव आम्ही दोघंही काढत नसू.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी ती होम प्लेटपाशी येऊन उभी राहिली. एम.ए.ला नाव घातलं होतं, वसतिगृहात कालच आली होती. तिने सर म्हटलं नाही, नमस्कार केला नाही. सरांनीही कशी आहेस म्हणून विचारलं नाही. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाडी आवळ."

ती पळाली. चार पंच्याऐंशी. खऱ्या नव्वद फुटांचा खरा वेळ. सरांनी तिला आकडा दाखवला. ती बघून परत सुरुवातीला गेली आणि पुन्हा पळाली. तिथून रोज. त्यांच्यात झालेल्या गोष्टीबद्दल ते पुन्हा कधी बोलल्याचं मला माहीत नाही. तिने त्या वर्षी भरतीचा फॉर्मही भरला. तो भरायला सरांनीच आठवण केली होती.

हिवाळ्यात सरांना जिना चढताना धाप लागायला लागली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तारीख दिली. तारखेच्या आधी त्यांना एक काम उरकायचं होतं. पुढच्या ड्राफ्टसाठी पुण्याला पाठवायचा नवा अहवाल. या खेपेला त्यात एकच मुलगी होती आणि पळण्याच्या रकान्यात चार सेकंद सत्तर असं लिहिलं गेलं. मागच्या खोट्या आकड्याहून दशांशाने जास्त. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सर गेले. ड्राफ्ट झाला तो त्यानंतर सहा आठवड्यांनी. शेवटच्या फेरीत, जेव्हा फक्त राखीव खेळाडू घ्यायच्या उरतात, तेव्हा एका संघाने सोनालीचं नाव उचललं. तिला पुढच्या महिन्यात निघायचं आहे. आबा पासपोर्टसाठी तीनदा जालन्याला जाऊन आले.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते सर त्या चाचणीच्या संध्याकाळचे, संभाजीनगरला जाण्याच्या आदल्या दिवशीचे. गळ्याभोवती मफलर, रेषेच्या बाजूला खुर्ची. पहिल्या दोन खेपा त्यांनी स्वतः घड्याळ दाबलं. दुसऱ्या खेपेला आकडा फारच चांगला आला. त्यांनी तो पुसून टाकला. माझा अंगठा आधी दबून राह्यला, म्हणाले, आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

"तुम्ही दाबा मॅडम. ही जावी असं मला वाटतं. असं वाटणाऱ्यानं घड्याळ धरू न्हाई."

"मलाही वाटतं सर."

"तुम्हाला वाटतं. पण चार साठ अन् चार सत्तर यातला फरक तुम्हाला कळत न्हाई. ते बरं हाय."

मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि रेषेकडे पाठ करून, जिनिंगच्या भिंतीकडे तोंड करून बसले. सोनाली तिसऱ्यांदा पळाली. मी दाबलं, आकडा सांगितला. ते फक्त मान हलवत होते. चौथ्यांदा ती सुरुवातीला वाकली तेव्हा माझं लक्ष सरांच्या पायाकडे गेलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. ती निघाली त्या क्षणी चपलेतला त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, टाच उचलली गेली, आणि पुढचं प्रत्येक पाऊल तो पाय खुर्चीत बसल्या बसल्या टाकत गेला. ती बेस ओलांडून गेली तेव्हा तो थांबला.

"किती?" सर म्हणाले.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते चालूच होतं.

"सर, दाबायचं राहिलं."

सर खुर्चीतून मागे वळले आणि हसायला लागले. धाप लागली तरी हसत राहिले, मफलर तोंडावर धरून. सोनाली कमरेवर हात ठेवून, दम घेत आमच्याकडे बघत उभी होती.

"पोरी, अजून एकदा पळावं लागंल," ते तिला म्हणाले. "मॅडमनी खरं सांगून टाकलं."

ती कुरकुरत, हसत होम प्लेटकडे चालू लागली. सरांनी डोळे पुसले आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवून घेतली.